टेंभूचं पाणी आणि टेंभूचे आगरकर

गेल्या महिन्याच्या गटाच्या बैठकीत, हप्ते गोळा करून झाल्यावर, आम्ही एक प्रश्न टाकला. टेंभू म्हटलं की काय आठवतं? पंधराजणी बसल्या होत्या, पंधराजणींनी एकच उत्तर दिलं. पाणी. आणि ते बरोबरच आहे. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी अडवून उचलतात आणि टप्प्याटप्प्यानं वर चढवत कडेगाव, खानापूर, तासगाव, आटपाडी, कवठेमहांकाळकडे नेतात, पुढं सांगोल्यालाही. आमच्यातल्या एकीचं माहेर आटपाडी तालुक्यात आहे. ‘टेंभूचं आलं’ एवढंच ती म्हणते, पाणी हा शब्दसुद्धा लावत नाही, तरी सगळ्यांना कळतं.

त्याच टेंभूत १४ जुलै १८५६ रोजी एक मुलगा जन्मला, हे मात्र पंधरांपैकी दोघींनाच ठाऊक होतं. एकीनं नावही सांगितलं, गोपाळ गणेश आगरकर. पण लगेच म्हणाली, “ते पुण्यातल्या संशोधन संस्थेवाले ना?” नाही. ती संस्था शंकर पुरुषोत्तम आघारकर या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नावाची. आपले टेंभूचे आगरकर वर्तमानपत्रवाले. त्यांच्याविषयी आज बोलायचं कारण आमच्या गटात यंदाच्या संक्रांतीला घडलं, ते ओघात येईलच.

घरची गरिबी होती. शिकायला कराडला, मामाच्या घरी. थोडं इंग्रजी झालं आणि पुढची सोय संपली. मग कचेरीत उमेदवारी केली, दवाखान्यात कंपाउंडरकी केली. शिकायचं म्हणून रत्नागिरीला गेले, तेही पायी, सह्याद्री उतरून. तिथंही जमलं नाही. शेवटी नातेवाइकांच्या आधारानं वऱ्हाडात, अकोल्याला. तिथं विष्णु मोरेश्वर महाजनी हे शिक्षक भेटले आणि १८७५ साली मॅट्रिक झाली. अकोल्याला असतानाच ‘वऱ्हाड समाचार’ या पत्रात लिहायला लागले. वर्तमानपत्राची सवय लागली ती तिथं.

पुण्याला डेक्कन कॉलेजात असताना त्यांच्याकडे एकच सदरा होता, रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात आपण सगळ्यांनीच वाचली आहे. आमच्या बैठकीत ती सांगितली तेव्हा कुणाला फारसं नवल वाटलं नाही. आमच्यातल्या निम्म्या बायकांनी शाळा एका फ्रॉकवर काढली आहे. नवल वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. एम.ए. होत आलेला हा मुलगा, ज्याला सरकारी नोकरी हात जोडून मिळाली असती, त्यानं आईला पत्र लिहून कळवलं की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळवीन आणि बाकीचा वेळ लोकांसाठी घालवीन. हे वाचून दाखवल्यावर एक म्हातारी सभासद म्हणाली, “आणि त्या आईनं काय करायचं होतं?” प्रश्न खरा आहे. पोरानं शिकून घराचं दारिद्र्य फेडावं म्हणून ती माउली वाट बघत बसली असणार. थोर माणसांच्या चरित्रात घरातल्या बाईची बाजू दोन ओळींत उरकतात, हे आम्हाला नेहमी खटकतं.

डेक्कन कॉलेजात १८७९ च्या सुमारास त्यांची बाळ गंगाधर टिळकांशी गाठ पडली. दोघं एकाच वयाचे, दोघांचा जन्म जुलै १८५६ मधला, नऊ दिवसांच्या अंतरानं. देशातल्या लोकांना शहाणं करायचं तर शाळा पाहिजे आणि वर्तमानपत्र पाहिजे, यावर दोघांचं एकमत होतं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल काढलं, त्यात हे सामील झाले. १८८१ च्या जानेवारीत दोन पत्रं निघाली, इंग्रजीतलं ‘मराठा’ आणि मराठीतलं ‘केसरी’. आता ऐका. केसरी म्हटलं की आपल्या तोंडात टिळकांचं नाव येतं. पण केसरीचे पहिले संपादक आगरकर. १८८१ पासून १८८७ पर्यंत. सातारा जिल्ह्यातल्या नदीकाठच्या खेड्यातला हा माणूस.

पत्र सुरू होऊन दीड वर्ष झालं तोच दोघं तुरुंगात गेले, आणि गेले ते आपल्या शेजारच्या कोल्हापूरपायी. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा चौथे शिवाजी महाराज होते, वयानं अगदी तरुण. महाराजांना वेड लागलंय असं सांगून त्यांचा छळ चाललाय, आणि त्यात कारभारी माधवराव बर्वे यांचा हात आहे, असं बोललं जात होतं. बर्व्यांच्या हातची म्हणून काही पत्रं पुढं आली. त्यांच्या आधारानं केसरी-मराठ्यानं लिहिलं. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला, आणि कोर्टात ती पत्रं खोटी निघाली. १७ जुलै १८८२ रोजी दोघांना चार-चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबरला ते सुटले.

या गोष्टीत दोन धागे आहेत. पहिला असा की, ज्यांच्या प्रामाणिकपणाविषयी कुणाला शंका नव्हती, तेही खोट्या कागदाला फसले. महाराजांची कळवळ खरी होती, हातातला पुरावा खोटा होता. दोन वर्षांपूर्वी आमच्या भागात मोबाइलवर एक निरोप फिरला की गटांचे पैसे बुडणार. एका दिवसात तिघींनी बचत काढून मागितली. निरोप कुठून आला हे शेवटपर्यंत कळलं नाही. पाठवणाऱ्या सगळ्या चांगल्या घरच्या, काळजीपोटीच पाठवत होत्या. त्यानंतर आमच्या बैठकीत नियम झाला, की कागद कुणी दिला हे विचारल्याशिवाय पुढं पाठवायचं नाही.

दुसरा धागा जामिनाचा. खटल्याच्या वेळी या दोघांना दहा हजार रुपयांचा जामीन पाहिजे होता. तो दिला रामशेठ उरवणे यांनी, आणि त्यामागे होते महात्मा जोतीराव फुले. केसरीवाल्यांचं आणि सत्यशोधकांचं फारसं पटत नव्हतं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी तर फुल्यांवर झणझणीत टीका केलेली. तरी वेळेला धावून आले ते फुले आणि त्यांचे सोबती. फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, सावित्रीबाईंचं माहेर खंडाळा तालुक्यातलं नायगाव, म्हणजे ही मंडळीही सातारा जिल्ह्यातलीच.

आगरकरांनी तुरुंगातून बाहेर आल्यावर त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं, ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’. तुरुंगात शेक्सपिअरचं ‘हॅम्लेट’ही त्यांच्या डोक्यात होतं. त्याचं त्यांनी केलेलं मराठी रूप ‘विकारविलसित’ या नावानं १८८३ साली छापून आलं. आणि कोठडीत दोघा मित्रांचे वाद चालायचे. पुढं १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज निघालं, त्याची बोलणी त्या भिंतींच्या आड झालेली.

मग मैत्री तुटली. का तुटली हे समजून घ्यायला एका बाईचं नाव घ्यावं लागतं. रखमाबाई. लहानपणी लग्न झालेली, सज्ञान झाल्यावर नवऱ्याच्या घरी जायला नकार दिलेली मुंबईची मुलगी. नवरा दादाजी भिकाजी कोर्टात गेला. १८८७ च्या मार्चमध्ये कोर्टानं हुकूम दिला, नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंग चालेल. पुढं तडजोड झाली, ती इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन आली, तो वेगळा विषय आहे. पण त्या वेळी महाराष्ट्र दोन तटांत विभागला. टिळक म्हणत, परक्या सरकारच्या कोर्टानं आणि कायद्यानं आमच्या घरात हात घालू नये, आधी स्वराज्य, मग सुधारणा घरातल्या घरात करू. आगरकर म्हणत, ज्या बाईवर आज अन्याय होतोय तिला स्वराज्य येईपर्यंत थांबा म्हणून सांगणारे आपण कोण? केसरी एकट्याचं पत्र नव्हतं, बाकीच्यांना आगरकरांची मतं झेपेनात. ऑक्टोबर १८८७ मध्ये ते केसरीतून बाहेर पडले.

टिळकांना इथं खलनायक करायचं नाही. त्यांनीही स्वतःच्या मुलींना शिकवलं, आणि देशासाठी काय भोगलं ते सगळ्यांना माहीत आहे. पण आम्ही बायका म्हणून वाचतो तेव्हा आम्हाला ‘नंतर बघू’ हा शब्द ओळखीचा वाटतो. घराच्या वाटण्या असोत, सातबाऱ्यावर नाव लावायचं असो, आधी मोठं काम होऊ दे, तुझं नंतर बघू.

१५ ऑक्टोबर १८८८ रोजी आगरकरांनी स्वतःचं पत्र काढलं, ‘सुधारक’. अर्ध मराठी, अर्ध इंग्रजी. इंग्रजी बाजू सांभाळायला होते गोपाळ कृष्ण गोखले, तेव्हा बावीस वर्षांचे. जे योग्य वाटेल ते बोलायचं आणि हातून होईल ते करायचं, असा या पत्राचा बाणा. आणि काय काय बोलले! बालविवाह, जरठ नवरे, विधवांचं केशवपन, मुलींची शाळा. मुलामुलींना एकच शिक्षण द्यावं आणि तेही एकत्र बसवून द्यावं, असं त्यांनी लिहिलं, तेव्हा ते वाचून पुण्यात किती भांडी आपटली असतील याची कल्पना करा. आज आमच्या गावच्या शाळेत पोरं-पोरी एका वर्गात बसतात आणि कुणाला त्यात काही वाटत नाही.

एका लेखाचं नावच आहे, ‘स्त्रियांनी जाकिटे घातलीच पाहिजेत’. त्या ‘च’ वर आमच्या बैठकीत बराच हशा झाला. आमच्या गटातल्या दोघी शिलाई करतात. त्यांनी विचारलं, जाकीट म्हणजे काय? तेव्हा बायका लुगड्याबरोबर आखूड चोळी घालत, पोट-पाठ बरीचशी उघडी राही. वर अंगभर कपडा हवा, थंडी-वाऱ्याला आणि चारचौघांत वावरायलाही, असं त्यांचं म्हणणं. “म्हणजे आपला ब्लाउज आणि वर स्वेटर,” दोघींपैकी एक म्हणाली. बाईनं काय घालावं हे पुरुषानंच सांगायचं का, असाही प्रश्न निघाला, आणि आम्ही तो टाळला नाही. आमचं उत्तर असं, की सांगणारा पुरुष होता खरा, पण त्याचं सांगणं बाईला घरात कोंडायचं नव्हतं, घराबाहेर पडताना तिला अवघडल्यासारखं होऊ नये याचं होतं. आणि पुरुषांच्या पागोट्या-धोतरालाही त्यांनी सोडलेलं नाही.

केशवपनावर त्यांनी फार लिहिलं. नवरा गेला की बाईचे केस काढायचे, तेही दर काही दिवसांनी, न्हाव्याला घरात बोलावून. विधवा सात वर्षांची असली काय आणि सत्तर वर्षांची असली काय. ही चाल मुख्यतः ब्राह्मणांत होती, आणि आगरकर स्वतः ब्राह्मण. त्यांनी आपल्याच घरातलं झाकलेलं उघडं केलं, म्हणून राग जास्त. मात्र केवळ लेख लिहून ही चाल मोडली नाही हेही सांगायला पाहिजे. फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली मुंबईत न्हाव्यांना एकत्र करून विधवांचे केस न काढण्याचा निर्धार करायला लावला. वस्तरा ज्याच्या हातात त्यानंच तो खाली ठेवला. आगरकरांचा लेख आणि लोखंड्यांची सभा आम्हाला शेजारी-शेजारी ठेवून वाचायला आवडतं.

आता आमची संक्रांतीची गोष्ट. आमच्या गटाची सचिव आहे, तिचा नवरा करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. हिशेब तिच्याइतका चोख कुणाचा नाही. गटानं हळदीकुंकू ठरवलं, वाण म्हणून स्टीलचे डबे आणले, डब्यांची खरेदी तिनंच केली, पावती तिनंच लावली. आणि आदल्या दिवशी एकीनं हळूच सांगितलं, तिला वाण द्यायचं, पण कुंकू लावायचं का? लावलं तर बाकीच्यांच्या सासवा काय म्हणतील? दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. अंगात कणकण आहे म्हणाली. डबा घरी पोचवला. आम्ही समोर कुणीच काही बोललो नाही, ना हो म्हणालो, ना नाही म्हणालो. आम्ही म्हणजे त्यात ही बोलणारीही आली.

आणि हे कुठं? आमच्यापासून जवळच, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ च्या मे महिन्यात ठराव केला होता, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. सरकारनं त्याचं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. तो ठराव आम्ही पेपरात वाचला होता, टाळ्याही वाजवल्या होत्या.

त्या संक्रांतीनंतर आम्ही आगरकर वाचायला घेतले. गटात मोठ्यानं. भाषा जुनी, वाक्यं लांबलचक, श्वास पुरत नाही. पण ती वाक्यं वाद घालायला शिकवतात. हा माणूस वाचणाऱ्याला हात धरून एकेका पायरीवर उभं करतो आणि विचारतो, ही चाल कशासाठी आहे? कुणाच्या फायद्याची आहे? ज्याला ती सोसायची त्याला विचारलं का? आणि शास्त्रात लिहिलंय म्हणाल, तर लिहिणारा माणूसच होता ना? मिल आणि स्पेन्सर या इंग्रज विचारवंतांचा त्यांच्यावर प्रभाव होता. मिलनं बायकांच्या पराधीनतेवर १८६९ साली पुस्तकच लिहिलं होतं. पण आगरकरांची उदाहरणं मात्र आपल्याच वाड्यातली, ओसरीवरची, माजघरातली असतात.

मार्चच्या बैठकीत विषय निघाला. गटाच्या कुठल्याही कार्यक्रमात सगळ्या सभासदांना सारखंच बोलावणं आणि सारखाच मान, असा ठराव मांडला. नऊजणींनी हात वर केले, चौघींनी केले नाहीत, एक मध्येच उठून चहा बघायला गेली. चौघींवर आम्ही राग धरलेला नाही. त्यांना घरी जाऊन उत्तर द्यायचं असतं. ठराव इतिवृत्तात लिहायचं काम सचिवाचं, म्हणजे तिचंच. तिनं हात वर केला नाही आणि खालीही ठेवला नाही, ती लिहीत होती.

लिहिण्याची किंमत आगरकरांनी काय दिली ते ऐका. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला. त्याआधी दहा वर्षांच्या पत्नीशी संबंध ठेवणाऱ्या नवऱ्याला कायद्यानं गुन्हेगार ठरवता येत नव्हतं, ते वय बारा केलं. दहाचं बारा, एवढंच! त्यावरून पुण्यात सभा उधळल्या गेल्या. आगरकर कायद्याच्या बाजूनं उभे राहिले. शहरातल्या सनातनी मंडळींनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, ती त्यांच्या घरावरून नेली असं सांगतात. घरात यशोदाबाई होत्या, लहान मुलं होती. त्या दिवशी त्यांनी खिडकी लावून घेतली की उघडी ठेवली, हे जाणून घ्यायला आम्हाला फार आवडलं असतं.

टिळक १८९० साली सोसायटीतून बाहेर पडलेले. १८९२ साली आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. कॉलेज शिकवायचं, सुधारक लिहायचा, आणि दमा तर पाठीशी लहानपणापासूनचा. पैसा कधी साठला नाही. १७ जून १८९५ रोजी ते गेले, चाळिशीसुद्धा गाठली नाही. आपल्या अंत्यविधीचा भार कुणावर पडू नये म्हणून थोडे पैसे त्यांनी पुडीत बांधून ठेवले होते, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलेलं आहे. ही गोष्ट वाचली तेव्हा गटात कुणी बोललं नाही. आमच्याकडेही म्हाताऱ्या बायका असं लुगड्याच्या गाठीला बांधून ठेवतात. केसरीत मृत्युलेख लिहिला तो टिळकांनी.

एक गोष्ट आम्हाला आगरकरांत कमी वाटते, ती सांगून टाकतो. शेतात राबणाऱ्या, रोजावर जाणाऱ्या बाईचं दुःख त्यांच्या लेखणीत फार कमी येतं. त्यांच्या बायका बहुतेक घरातल्या, ओटीवरच्या. ज्या वर्षी ते डोंगरीच्या तुरुंगात होते, त्याच १८८२ साली विदर्भातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं. तिथं बाई स्वतः बोलते, आणि काय बोलते! आगरकर बाईची वकिली करतात, ताराबाई थेट भांडतात.

आगरकरांचे लेख वाचायचे असतील तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं त्यांचं सगळं लेखन खंडांत छापलेलं आहे. मोठ्या वाचनालयात मागा, नसलं तर मागवायला सांगा. एकटीनं वाचू नका, कंटाळा येईल. चौघी-पाचजणी बसून एकेक परिच्छेद वाचा, मध्ये थांबून भांडा. आमच्या गटात दर महिन्याला हप्ता झाला की अर्धा तास वाचन असतं. पुढच्या महिन्यात ताराबाई शिंदे घेतोय. रेडिओवर येऊन त्याचंही सांगू.